मास्तरांच्या गाडीतली खडूची रेघ

मास्तरांची गाडी सगळ्या गावाने चालवली. चालवली नाही ती एकट्या मास्तरांनी.

ही थट्टा नव्हे. मास्तर मोटार शिकवीत, आणि त्यांच्या शिकवण्याची रीतच तशी होती. सकाळचा पहिला शिकाऊ दाराशी येई, किल्ली मागून घेई आणि मास्तर चालकाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसत. त्या बाजूलाही पायाशी दोन पेडल बसवलेली होती, एक क्लचचे आणि एक ब्रेकचे. ऍक्सिलरेटर मात्र एकच, आणि तो शिकणाऱ्याच्या उजव्या पायाखाली. पहिल्याने गाडी दुसऱ्याच्या दारात न्यायची, तिथे उतरायचे आणि स्वतः पायी घर गाठायचे. ‘चालत जाताना माणसाला आपल्या चुका आठवतात,’ असे मास्तरांचे म्हणणे. अशी ती गाडी दारोदार फिरे, आणि दिवसाचा शेवटचा शिकाऊ मास्तरांना घरी आणून सोडी व किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवी. पेट्रोल भरायला नेणारासुद्धा कुणीतरी शिकाऊच. वर्षांमागून वर्षे गेली, मास्तरांचे केस पिकले, पण स्वतःच्या गाडीच्या त्या एका पेडलला त्यांचा पाय कधी लागला नाही.

या सगळ्या येण्याजाण्याकडे खिडकीतून पाहणारे एक माणूस होते. मास्तरांच्या पत्नी पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसत. सगळ्या गावाच्या त्या काकू होत्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या कोटाचे फाटलेले अस्तर, जे येईल ते त्या शिवीत. यंत्र खिडकीशी होते आणि खिडकीतून फाटक दिसे. संध्याकाळी गाडी कशी थांबली यावरून आज शेवटी कोण होते ते काकू मान वर न करताच ओळखत. दवाखान्यातली परिचारिका गाडी अशी थांबवी, जणू आत झोपलेले मूल आहे. पावभट्टीवाला फाटकाच्या इतक्या जवळ थांबे की मास्तरांना अंग चोरून उतरावे लागे. कचेरीतले एक वयस्कर कारकून निवृत्त झाल्यावर शिकायला आले होते. ते थांबल्यावरही बराच वेळ चाक सोडीत नसत. आणि जो परीक्षेत उत्तीर्ण होई, तो त्या दिवशी दाराशी दोनदा हॉर्न वाजवी. तो हॉर्न काकूंसाठी असे. त्या पायाखालचे यंत्र थांबवीत, खिडकीतून हात हलवीत, आणि मग पुन्हा शिवण पुढे सरके. काकूंच्या आयुष्यातल्या किती संध्याकाळी त्या दोन हॉर्नांच्या मध्ये शिवल्या गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

त्या स्वतः शिकल्या नव्हत्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी, आधीच्या गाडीवर, मास्तरांनी एकदा प्रयत्न केला होता. चौकातल्या वळणावर दोघांचे असे वाजले की काकू भर रस्त्यात दार उघडून उतरल्या आणि चालत घरी आल्या. चालताना त्यांना चुका आठवल्या, पण त्या सगळ्या नवऱ्याच्या. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. मास्तरांच्या सदऱ्याचे एखादे बटण कायम तुटलेले असे आणि काकूंना पहिला गिअर कुठे पडतो ते ठाऊक नसे. दोघांचेही कसब परक्यांसाठी. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

मग मास्तरांचे डोळे गेले. एकदम नव्हे, कडेकडेने, जुन्या चादरीची किनार विरावी तसे. समोरचे दिसे, बाजूचे दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रहदारीत शिकवणे बंद करायला सांगितले. गाडीच्या टपावरची शिकवणीची पाटी उतरली आणि कपाटामागे भिंतीला टेकून उभी राहिली. परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला, “आई, ती गाडी आता नुसती दाराशी गंजणार. हे एखाद्या रविवारी येतील आणि घेऊन जातील. त्यांच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक आहे.”

काकूंनी फोनवरच सांगितले, “गाडी राहील. मी शिकते.”

मुलगी हसली. जावई मागून हसलेले ऐकू आले. मास्तर मात्र हसले नाहीत. ते उठले, त्यांनी काकूंच्या पायाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “बूट घाल. चपलेने गाडी शिकवत नाही मी.”

डॉक्टरांची मनाई रहदारीपुरती आहे, मैदानापुरती नाही, असा सोयीचा अर्थ मास्तरांनी काढला आणि बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. चाक काकूंना लवकर आले. कापड सुईखाली वळवणाऱ्या हातांना ते काय नवे? गिअर आले, आरसे आले, मागे घेणेही आले. येईना ते एकच. थांबलेली गाडी हलवताना ती एकदा मान टाकी, गचका खाई, आणि चढावर असली तर सरळ बंदच पडे. परीक्षेच्या दिवशी परवान्याच्या कचेरीसमोरच्या चढावर नेमके तेच झाले. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. परीक्षकांनी पेनाला टोपण लावले.

“काकू, पुढच्या शनिवारी या,” ते म्हणाले, आणि आवाजात दया होती तेच काकूंना जास्त लागले.

घरी येताना काकू म्हणाल्या, “अहो, गाडीच अडखळते.”

“गाडी खोटं बोलत नाही,” मास्तर म्हणाले. हे त्यांचे ठरलेले वाक्य. गावातल्या प्रत्येक चालकाने ते कधी ना कधी खाली मान घालून ऐकलेले. “दोष पायाचा असतो. त्या मोठ्या गॅरेजमध्ये मागच्या महिन्यात सगळी तपासून आणलीय. प्लग नवे, फिल्टर नवा.”

“पण मी सांगते ना...”

“नाचता येईना, अंगण वाकडं.”

घरी आल्यावर काकूंनी किल्ली यंत्राच्या टेबलावर ठेवली, बूट काढून कोपऱ्यात सारले आणि म्हणाल्या, “येऊ देत जावयांना पुढच्या रविवारी. या गाडीत मी बसायची नाही.”

शब्द मागे घेणे काकूंच्या स्वभावात नव्हते आणि मागे घ्यायला सांगणे मास्तरांच्या. शनिवारची परीक्षा तशीच जाणार आणि रविवारी गाडीही जाणार, हे घरातल्या भांड्यांनासुद्धा कळून चुकले.

काकूंच्या मनात सलत होता तो गाडीचा दोष नव्हे, पायाचा. याच पायावर त्यांनी घराला हातभार लावला होता. रेशमाला किती दाब, जाड्याभरड्याला किती, काखेच्या गोलाईवर कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, हे त्या पायाला डोक्यापेक्षा आधी कळे. खेड्यातल्या सराईत बैलाला बांधाचे वळण सांगावे लागत नाही, तसे. आणि त्या पायाला नाचता येत नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उशांचे अभ्रे शिवायला बसल्या. अनवाणी पाय पेडलवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. यंत्राला पहिल्यांदा विजेची मोटर बसवली त्या काळी पायाचे पेडल असेच एके ठिकाणी दगा देऊ लागले होते. अलगद दाबले की मोटर चालू होई, थोडे पुढे गेले की एकदम मुकी, आणि आणखी दाबले की धाडकन धावे. काकूंनी बरेच दिवस ती जागा पायाने ओलांडायची सवय करून घेतली होती, दारातल्या फुटक्या फरशीवरून घरची माणसे न बघता पाय उचलतात तशी. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या झग्याची शिवण नासली, तेव्हा दुरुस्तीवाल्याने पेडल उघडून दाखवले होते. वीज कमी-जास्त करणाऱ्या आतल्या कार्बनवर जळून एक खड्डा पडला होता. नेमका तिथे, जिथे काकूंचा पाय रोज विसावे.

काकू उठल्या. मास्तर आतल्या खोलीत पडले होते. काकूंनी टेबलावरची किल्ली घेतली, कापडावर खुणा करायचा चपटा खडू घेतला, आणि अनवाणीच जाऊन गाडीत बसल्या.

गाडी सुरू केली, गिअर न टाकता. मग ऍक्सिलरेटर अगदी सावकाश, जरीच्या काठावर टाके घालताना दाबावे तसा दाबला. इंजिनाचा आवाज किंचित चढला, आणि ठेच लागल्यासारखा पडला, आणि पुन्हा उठला. काकूंनी पाय सोडला. पुन्हा दाबला. पुन्हा तिथेच. त्या खाली वाकल्या आणि पेडलची वरची कड जिथे आली होती तिथे शेजारच्या काळ्या पट्टीवर खडूने बारीक रेघ ओढली. मग पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. पेडल रेघेशी आले की गाडीला उचकी लागे. रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही.

मास्तर केव्हातरी दारात येऊन उभे राहिले होते. “काय चाललंय?”

“माप घेतेय,” काकू म्हणाल्या. “तुमच्या अंगणाचं.”

रस्त्याच्या टोकाला गाड्यांचे वायरिंग करणारा एक होता. त्याला सगळे काटेवाला म्हणत, कारण वीज मोजायला दुनियेने आकड्यांचे मीटर घेतले तरी त्याने आपला काट्याचा मीटर सोडला नव्हता. जीभ त्याची तिखट, पण हात हलका. तोही मास्तरांचाच विद्यार्थी, याच गाडीवर शिकलेला. काकू तिथवर गाडी घेऊन गेल्या नाहीत. बसायचे नाही म्हटले ते रस्त्यापुरते त्यांनी पाळलेच. त्या चालत गेल्या आणि त्यालाच बोलावून आणले.

तो आला तो बोलतच. “काय मास्तर, ऐकतो ते खरं? गाडी आजारी आणि दोष पेशंटच्या नातेवाइकांचा?”

“मोठ्या गॅरेजमध्ये तपासलीय,” मास्तर कोरडेपणाने म्हणाले.

“त्यांनी डोकं तपासलं असेल आणि शेपूट तपासलं असेल. मधली म्हैस कुणी बघितली?” त्याने वाकून खडूची रेघ पाहिली आणि काकूंकडे पाहिले. मग उठून चालकाच्या बाजूचे दार पुरते उघडले. “मास्तर, तुम्ही बसा.”

“मी?”

“मला बॉनेटपाशी थांबायचंय. काकू बसायच्या नाहीत, त्यांनी शपथ घेतलीय. दाबायला पाय लागेल. घरात दुसरा पाय तुमचाच.”

मास्तर चालकाच्या सीटवर बसले. फार वर्षांनी दुसऱ्याच्या घरात पाहुणा बसतो तसे, सीटच्या कडेला. गुडघा चाकाला लागला. पाय नेमका कुठे ठेवायचा हे त्यांनी शेकडो लोकांना सांगितले होते. त्यांचा स्वतःचा पाय क्षणभर हवेतच राहिला.

“हळू, मास्तर. रेघेपर्यंत.”

त्यांनी दाबले. आवाज चढला, ठेचकाळला, उठला. मास्तरांनी पाय झटकन काढून घेतला, चटका बसल्यासारखा. मग पुन्हा ठेवला आणि अधिक काळजीने दाबला. गाडीने मान टाकली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून दाबले, आणि गाडीने तिसऱ्यांदाही तेच केले.

“पाय कुणाचा होता?” काटेवाल्याने बॉनेटच्या आडून विचारले.

काकू त्याच्याकडे रागाने बघत म्हणाल्या, “तुझं काम कर तू.”

त्याने इंजिन बंद करायला सांगितले, किल्ली चालूच्या खुणेवर ठेवायला सांगितली, आणि हवेच्या नळीपाशी बोट नेले. “पाय दाबला की इथली झडप उघडते. किती उघडली ते गाडीच्या मेंदूला सांगणारा हा निरोप्या.” आगपेटीहून लहान अशी एक काळी डबी झडपेच्या कण्याला चिकटलेली होती, तिच्यातून तीन तारा निघत होत्या. “हा सेन्सर. एका तारेतून पाच व्होल्ट आत, एक तार जमिनीची, आणि तिसरीतून निरोप. पाय वर असताना अर्धा व्होल्ट, पुरता दाबला की साडेचारच्या आसपास. मधे काटा कसा चढायला पाहिजे? घाटातल्या म्हाताऱ्यासारखा, सावकाश पण न थांबता. काकू, टाचण्या आहेत?”

काकूंनी पदराला नेहमी टोचलेल्या असत त्यांतल्या दोन काढून दिल्या. त्याने त्या जोडाच्या मागून, तारेच्या कडेने, वेष्टन न फाडता आत सरकवल्या आणि मीटरचे चिमटे त्यांना लावले. “दाबा, मास्तर. मुंगीच्या पावलाने.”

मीटर बॉनेटवर ठेवला होता. काकू वाकून पाहत होत्या. काटा अर्ध्यावरून उठला, थोडा चढला, आणि एकाएकी शून्याकडे कोसळला. लगेच उसळून पुन्हा आपल्या वाटेला लागला. तिथून पुढे शेवटपर्यंत तो असा गेला की बघत राहावे.

“पडला,” काकू म्हणाल्या.

“पडला. गॅरेजवाल्यांनी दोन्ही टोकं मोजली, दोन्ही बरोबर आली. मधे आकडे पळतात, पळत्या आकड्यांत ठेच दिसत नाही. काटा पडताना दिसतो.” मग मास्तरांकडे वळून तो म्हणाला, “त्यांची चूक नाही म्हणा. रेघ नसती तर मीही प्लगच बदलले असते.”

नवा सेन्सर त्याने दुपारनंतर आणला. तो बसवण्याआधी जुन्या डबीचे झाकण पातळ पात्याने उचकटले आणि तळहातावर धरून दोघांना दाखवले. आत अर्धवर्तुळाकार काळी वाट होती आणि तिच्यावरून फिरणारे एक नाजूक पाते. वाटेच्या सुरुवातीला, नखाएवढ्या जागेत, काळेपणा पार झिजून खालचे पांढुरके दिसत होते. तिथून पुढची सगळी वाट मात्र कोरी होती, कारखान्यातून आली तशी काळीभोर.

“बघा तर,” काटेवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला तिखटपणा गेला होता. “एवढी वर्षं चालली गाडी. पण ही कधी धावलीच नाही. नुसती निघत राहिली.”

मास्तरांनी डबी हातात घेतली. एवढे बारीक त्यांना दिसले नसावे. त्यांनी अंगठ्याचे नख त्या वाटेवरून फिरवले. झिजल्या जागी नख अडले. ते पुन्हा मागे आणले, पुन्हा तिथेच अडले.

“कचेरीतले कारकून,” ते हळूच म्हणाले. “पाय थरथरायचा त्यांचा. आणि ती परिचारिका. पहिल्या दिवशी रडली होती.”

“पावभट्टीवाला,” काकू म्हणाल्या.

“तो कसला रडतो. मला रडवायचा.” नख अजून तिथेच होते. “सगळे इथेच उभे आहेत बघ.”

तेवढ्यात रस्त्यावरून पावाची गाडी निघाली. हल्ली ती भट्टीवाल्याचा मुलगा चालवी. तोही इथलाच शिकलेला. निघताना ती गाडी किंचित उडी मारून पुढे गेली. मास्तरांनी मान वर केली आणि कान दिला. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांनी हजारदा ऐकला असेल, पण आज तो त्यांना निराळा लागला.

“ती गाडी तर नवी आहे,” ते म्हणाले. “मग ती का उडी मारते?”

काटेवाला नव्या सेन्सरचे खोके फोडू लागला. त्याचे उत्तर थोड्या वेळाने त्याच्याच पायातून बाहेर पडायचे होते.

नवा सेन्सर दोन स्क्रूंनी बसतो, आणि स्क्रूंची भोके लांबट असतात. त्यामुळे डबी जरा डावी-उजवी फिरते. पाय वर असताना काटा अर्ध्या व्होल्टवर यायला हवा, तेवढी ती फिरवायची आणि मग आवळायची. सांगायला सोपे. काटेवाला काटा बरोबर आणी, एक स्क्रू आवळी, आणि आवळताना डबी त्या स्क्रूबरोबर केसभर वळे व काटा वर सरके. पुन्हा सैल, पुन्हा तेच. त्याने दात-ओठ खाल्ले.

“एकच पुरता का आवळतोस?” काकूंना राहवेना. “बाही जोडताना एका बाजूने टीप मारत गेलं की दुसऱ्या बाजूला चुणी येते. आधी दोन्हीकडे कच्चा टाका घाल.”

“काकू, तुम्ही माझं दुकान घ्या. मी अभ्रे शिवतो.” पण त्याने ऐकले. दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने. काटा थरथरला आणि जागेवर राहिला. मास्तरांनी पेडल शेवटपर्यंत दाबले, सोडले. काटा न अडखळता वर गेला, न अडखळता खाली आला आणि पुन्हा अर्ध्यावर येऊन बसला.

“आता जरा फिरवून आणतो,” म्हणून काटेवाला चाकाशी बसला. मास्तर शेजारी. काकू फाटकाशी उभ्या राहिल्या. गाडी सुरू झाली आणि बेडकासारखी उडी मारून पुढे जाऊन थांबली. काटेवाला थक्क. पुन्हा निघाला, पुन्हा उडी.

“अरे, नवी डबी लावून हे काय?” काकूंनी विचारले.

तो मान खाली घालून आपल्या पायाकडे बघत होता. “डबी नाही, काकू. मी निघताना पायाला एक हिसका देतो. कायमच देतो. गिऱ्हाइकाच्या गाडीतसुद्धा.” तो थांबला. “मला वाटायचं, गाडी अशीच निघते.”

तेव्हा मास्तरांना पावाच्या गाडीची उडी उमगली. जिथे ठेच लागे ती जागा ओलांडायला प्रत्येक शिकाऊचा पाय शिकला होता, आणि गाडी बदलली तरी पाय तेच राहिले होते. गावातले अर्धे लोक मास्तरांची गाडी पायात घेऊन फिरत होते. एकाच माणसाच्या पायाने ती सवय उचलली नव्हती. कार्बनच्या खड्ड्यावरून शिवण नासली त्या दिवसापासून तो पाय असल्या तडजोडी करीत नसे.

“आता सगळ्यांना परत बोलवायचं की काय?” मास्तर म्हणाले. आवाज थट्टेचा होता, चेहरा नव्हता.

“राहू द्या, मास्तर,” काटेवाला म्हणाला. “शाळेचा शिक्का आहे तो. दुसऱ्या गावात गेलो तरी आपला माणूस ओळखू येईल.”

मास्तर गाडीतून उतरले. फाटकाशी आले. काकूंकडे त्यांनी पाहिले नाही, काटेवाल्याकडे बघून, पण त्याला नको तेवढ्या मोठ्याने ते म्हणाले, “अंगण वाकडंच होतं रे.”

काकूंना तेवढे पुरले. त्या बूट आणायला घरात वळल्या.

“बूट कशाला?” मास्तर म्हणाले. “तशीच बस.”

शनिवारी त्याच चढावर गाडी थांबली आणि त्याच चढावरून ती निघाली. इतकी अलगद की परीक्षकांना चढ संपल्यावर कळले. मास्तर कचेरीच्या ओट्यावर बसून होते. कडेचे दिसत नसले तरी समोरचा चढ त्यांना दिसत होता, पण ते पाहत नव्हते. ते ऐकत होते.

येताना काकू चाकाशी आणि मास्तर त्यांच्या नेहमीच्या जागी. वाटेत चौक आला, तोच, जिथे काकू एकदा दार उघडून उतरल्या होत्या. काकूंनी वळण घेतले आणि आरशात बघता बघता त्यांची नजर खाली गेली. मास्तरांची पावले आयुष्यभर त्या दोन पेडलांवर टांगलेली असत, शिकाऊ कितीही तरबेज असला तरी. आज त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि पाय मागे, सीटखाली ओढून घेतले होते.

फाटकाशी गाडी थांबली. कशी थांबली ते ओळखायला आज खिडकीत कुणी नव्हते.

“हॉर्न वाजव,” मास्तर म्हणाले.

“कुणासाठी? घरात कोण आहे?”

“वाजव म्हणतो ना.”

काकूंनी दोनदा हॉर्न वाजवला. आणि सवयीने दोघांनीही खिडकीकडे पाहिले. यंत्राच्या सुईखाली अर्धा अभ्रा तसाच धरून ठेवलेला होता आणि वाऱ्याने त्याचे टोक हलत होते.

काकूंनी किल्ली काढली आणि रीतीप्रमाणे मास्तरांच्या पुढे धरली. मास्तरांनी तळहात पुढे केला नाही.

“तुझ्याकडे ठेव,” ते म्हणाले. “उद्या जावयांना स्टेशनावरून आणायला जायचंय तुला.”

“आणि गिऱ्हाईक?”

“त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, गाडी आत्ताच धावायला लागलीय.”